दुकानात चालतो, घरी चालत नाही

प्रश्न : मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही एक जुना डेस्कटॉप घेतला. आषाढ-श्रावणात तो लागला नाही, म्हणून चादर टाकून ठेवला होता. गणपती गेल्यावर बटण दाबलं तर काहीच नाही; कधी कधी आतला पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो. दीरांनी सीपीयू मोटारसायकलवर बांधून मुरबाडच्या दुकानात नेला, तर तिथे पहिल्या झटक्यात सुरू झाला. दुकानदाराने साफसफाईचे पैसे घेतले. संध्याकाळी घरी जोडला, पुन्हा बंद. असं तीनदा झालं. सासूबाई म्हणतात, त्याला आपल्या घरचं पाणी मानवत नाही. दुकानदार फसवतोय, की यात खरंच काही शास्त्र आहे?
— एक वाचक भगिनी, टोकावडे परिसर, ता. मुरबाड

उत्तर : ताई, सासूबाईंना हसू नका. त्यांचं निदान जवळपास बरोबर आहे. ‘पाणी’च्या जागी ‘लाइट’ एवढा एकच शब्द बदलायचा.

आधी दुकानदाराचं. मीही काही वर्षं अशाच एका काउंटरच्या पलीकडे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो आहे, तेव्हा माझी साक्ष थोडी पक्षपाती धरा. पण गिऱ्हाइकाने लांबून आणलेला डबा टेबलावर ठेवावा, आपण बटण दाबावं आणि तो निमूट सुरू व्हावा, यासारखी पंचाईत दुसरी नाही. पैसे मागायला जीभ रेटत नाही आणि न मागावे तर तास फुकट जातो. मग ब्रश फिरवायचा, ब्लोअर मारायचा आणि ‘सर्व्हिसिंग केली’ म्हणायचं. तुमच्या दुकानदाराने तेच केलं असावं. त्याने ‘चालू आहे’ म्हटलं तेही खरंच होतं, त्याच्या टेबलापुरतं. विचारायला हवं होतं ते त्याने विचारलं नाही, एवढाच त्याचा दोष. डबा मुरबाडला गेला तेव्हा घरी काय काय राहिलं?

मोजा. पॉवर कॉर्ड राहिली, कारण दुकानात तशा दहा लोंबत असतात. यूपीएस राहिला. एक्स्टेन्शन बोर्ड राहिला. भिंतीतलं सॉकेट राहिलं, त्यामागची वायरिंग राहिली, आणि डीपीपासून (म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून) तुमच्या घरापर्यंत आलेली लाइनही राहिली. आपण ज्याला ‘सीपीयू’ म्हणतो तो डबा तेवढा प्रवास करून आला. (खरा सीपीयू म्हणजे आतली काड्यापेटीपेक्षा लहान चकती, पण आता अख्खा महाराष्ट्र डब्याला सीपीयू म्हणतो, तर म्हणू द्या.) घरातल्या धुरानं खोकणारा माणूस तीनदा दवाखान्यात नेला आणि चूल घरी तशीच धुमसत राहिली, तसं हे झालं.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ : ‘पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो.’ ती नीट वाचता यावी म्हणून संगणक उठतो कसा ते थोडं सांगावं लागेल.

प्लग लावून भिंतीवरचं बटण चालू केलं की डबा झोपलेला असतो, मेलेला नसतो. मागच्या बाजूला असते ती पत्र्याची पेटी, जिला सगळे एसएमपीएस म्हणतात, ती तेव्हापासूनच 5 व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डला देत राहते. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स नावाची रचना आखून दिली तेव्हापासून हे असंच आहे. त्यामुळे डब्याच्या तोंडावरचं बटण दिव्याच्या बटणासारखं लाइट जोडत-तोडत नाही. ते फक्त ‘ऊठ’ असा निरोप देतं. निरोप पोचला की एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या मोठ्या धारा सोडतो, त्या स्थिरावल्या का ते पाहतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत बोर्डाला ‘सगळं ठीक’ असा इशारा धाडतो. तो इशारा येईपर्यंत प्रोसेसरला जागचा हलू देत नाहीत. नंतर बायोस, म्हणजे बोर्डातच भरलेली सुरुवातीची आज्ञावली, जागा होतो, रॅम चाचपतो, पडद्यावर चित्र आणतो, आणि शेवटी डिस्कवरून विंडोज उचलतो. या सगळ्याला ‘बूट होणं’ म्हणतात. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलावं, अशा अर्थाच्या एका इंग्रजी म्हणण्यावरून तो शब्द आला. आपण शेंडी धरून म्हटलं असतं.

म्हणजे ‘संगणक बंद पडला’ हे एकच वाक्य चार-पाच वेगळ्या ठिकाणी थांबलेल्या गाड्यांना लावलं जातं. एकही दिवा नाही, आवाज नाही : 5 व्होल्टची धारच पोचत नाही. पंखा फिरत राहतो पण पडदा काळा : रॅम, किंवा मॉनिटरची केबल. कंपनीचं नाव दिसतं आणि पुढे काळोख : डिस्क. विंडोजचं चिन्ह येऊन गोल फिरत राहतं : तिथे कुठे सॉफ्टवेअरचा संशय घ्यायचा. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य फक्त या शेवटच्या पायरीवर शोभतं. पंखाही न फिरणाऱ्या डब्याला कोणी फॉरमॅट सुचवला तर डबा उचला आणि घरी या.

तुमचा पंखा गिरकी घेतो. म्हणजे निरोप पोचला, मोठ्या धारा सुटल्या, आणि लगेच एसएमपीएसने हात आखडता घेतला. तो असं दोन कारणांनी करतो. एक तर आत कुठे शॉर्ट आहे आणि तो घाबरून सगळं तोडतो. नाहीतर त्याला स्वतःलाच मागून पुरेसं मिळत नाही. आत शॉर्ट असता तर तो मुरबाडला तीनपैकी एकदा तरी दिसला असता. तेव्हा मी मागून येणाऱ्या लाइटकडे बोट दाखवतो.

आणि तिथेही पहिला संशय यूपीएसवर. तुमच्याकडे तो आहे की नाही हे पत्रात नाही, पण जुन्या डेस्कटॉपबरोबर तो बहुतेक पदरात पडतोच. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत यूपीएसशिवाय संगणक घेणं म्हणजे छत्रीशिवाय जून काढणं होतं. त्याच्या पोटात 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची शिसं-आम्लाची बॅटरी असते. तिचं आयुष्य दोन-तीन वर्षं. त्यानंतर ती दिसायला तशीच, हातात घेतली तर तेवढीच जड, पण भार पडला की बसते. बॅटरी मेलेला यूपीएस कधी सुरूच होत नाही, कधी पिकपिक करत बसतो. आणि कधी लाइट चांगली असेपर्यंत ती निमूट पुढे पाठवतो; लाइट जरा उतरली की ‘टक्’ करून बॅटरीवर जायला बघतो आणि तिथे काहीच नसतं.

लाइट उतरते कधी? संध्याकाळी. डीपीपासून लांब, लाइनच्या शेपटाला घर असेल तर नियमाने 230 व्होल्ट यायला हवेत तिथे सात वाजता बरेच कमी येतात. पाड्यापाड्यांत दिवे, टीव्ही, पंखे, वर कुणाचा भाजीच्या मळ्यावरचा पंप. प्रत्येक जण तारेतून थोडं थोडं ओढतो आणि शेवटच्या घराला उरलेलं मिळतं. तुमचे दीर डबा दुपारी बाजारपेठेत नेतात, तिथे व्होल्टेज ठणठणीत; संध्याकाळी घरी आणून जोडतात, ते उतरलेलं. डबा तोच, वेळ वेगळी.

म्हणून पहिला प्रयोग फुकटचा आहे. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवा, डब्याची कॉर्ड थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा आणि पहाटे पाचला बटण दाबा. त्या वेळी गाव झोपलेलं असतं आणि व्होल्टेज दिवसातलं सगळ्यांत चांगलं असतं. सुरू झाला तर तसाच बंद करून संध्याकाळी सातला पुन्हा थेट भिंतीतच लावून बघा. दोन्ही वेळा चालला तर गुन्हेगार यूपीएस किंवा बोर्ड. पहाटे चालला आणि संध्याकाळी नाही, तर लाइन. मग वायरमनला बोलवा, आणि त्याच्याकडून मीटरने व्होल्टेज मोजून घ्या. टेस्टरवर समाधान मानू नका. टेस्टर पेटला म्हणजे लाइट आहे, असं आपल्याकडे सगळे समजतात. टेस्टर फक्त फेज दाखवतो. व्होल्टेज दीडशे आहे की अडीचशे, न्यूट्रल जागेवर आहे की सुटलाय, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

दोन्ही वेळा बंद राहिला तर कॉर्ड बदला. शेजाऱ्यांकडून त्यांच्या संगणकाची मागून आणा. मॉनिटरची कॉर्डही बहुधा तीच असते, म्हणजे घरातल्या घरातही अदलाबदल करता येईल. जुन्या कॉर्डची डब्यात शिरणारी बाजू ढिली होते, हलवली की ठिणगी पडते. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्याही पावसाळ्यात हिरवट पडतात. प्लग काढून हाताला गरम लागला तर सॉकेट बदलायला झालं आहे.

एवढं होऊनही एक गोष्ट उरते. घरून दुकानात जाताना डब्याला तीन औषधं आपोआप मिळाली. पहिलं, तो तासभर लाइटपासून पूर्ण तुटला. एसएमपीएस एकदा घाबरून बंद झाला की काही वेळा तसाच अडून बसतो. मागचा प्लग काढून त्याच्यातली शिल्लक संपेपर्यंत तो ऐकत नाही. रस्त्यात ती संपली. हेच घरी करायचं तर प्लग काढा, पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पाच मिनिटं थांबा, मग जोडा. दुसरं औषध सरळगावच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याने दिलं : धक्के. खाचेत बसलेल्या रॅमच्या कडेवर पाऊसभर बारीक पापुद्रा चढतो, डबा हादरला की पट्टी तसूभर सरकते आणि पापुद्रा खरवडला जातो. खड्ड्यांचा असा उपयोग कोणी सरकारदरबारी सांगू नका. तिसरं, दमट खोलीतून तो बाहेर पडला, उन्हात तापला, सुकला.

दमटपणा हा मुरबाड आणि शहापूर या आपल्या दोन्ही तालुक्यांचा जुना रोग. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत. निव्वळ दमट हवेचं संगणकाला फार वावडं नसतं. त्याला खुपते ती दमटलेली धूळ. बोर्डावर बसलेली धूळ पाणी धरून ठेवते, आणि कोरडी असताना वीज न वाहणारी तीच धूळ ओली झाली की मुंगीच्या वाटेएवढी वीज इकडून तिकडे नेते. तुमची चादर धूळ अडवते हे खरं, पण ओल आतच धरते. त्यापेक्षा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा संगणक तासभर चालू ठेवा; स्वतःच्या उष्णतेने तो सुकतो. बंद पडलेला डबा सुकवायचा तर झाकण उघडून पंख्याखाली ठेवा, किंवा हातभर अंतरावर साधा पिवळा बल्ब रात्रभर लावा, कोंबडीच्या पिलांना लावतात तसा. तांदळात मात्र काही पुरू नका. आमच्या भाताच्या मुलखात भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायची फार हौस. तांदूळ ओल ओढत नाही म्हटलं तरी चालेल आणि त्याचा भुसा मात्र भोकांत जातो.

रॅम स्वतः काढायची हिंमत असेल तर : प्लग काढा, झाकण उघडा, आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. पट्टीच्या दोन टोकांचे चिमटे बाहेर दाबले की ती उठते. तिच्या सोनेरी कडेवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने एका दिशेने फिरवा, कण फुंकून नव्हे, ब्रशने झाडा (फुंकरीत थुंकी असते), आणि ‘कट’ आवाज येईपर्यंत परत बसवा. महाराष्ट्रातल्या निम्म्या दुकानांत हीच मोठी विद्या आहे. रोज मात्र घासू नका. तो सोन्याचा मुलामा केसापेक्षा खूपच पातळ असतो.

एसएमपीएसची पेटी उघडायची नाही. कधीच नाही. आत 230 व्होल्टचे सव्वातीनशे करून साठवलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच दबा धरून असतात.

आणि डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तेही कळवायला हवं होतं. ते संगणक न चालण्याचं कारण नाही, पण घरात अर्थिंग नसल्याची खूण आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतून थोडी वीज पत्र्यावर येते, ती अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी योजना असते. अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर वाट बघत बसते, तुमच्या हाताची. आपल्याकडे खाली सगळा काळा कातळ. खड्डा ओला असतो तोवर अर्थिंग काम करतं, एप्रिल-मेमध्ये सुकलं की नावापुरतं उरतं. जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायची ते उगाच नाही.

दुकानदाराकडे पुढच्या वेळी न्यायचं झालं तर कॉर्ड आणि यूपीएस पिशवीत घालून सोबत न्या. आणि सासूबाईंना सांगा, लाइट मानवत नव्हती.

प्रश्न : सुट्टीनंतर शाळा उघडली आणि संगणक कक्षातले पाचपैकी चार संगणक सुरू होत नाहीत. एप्रिलमध्ये चार चालत होते. दुरुस्तीला पैसे नाहीत. वर्गाला कुलूप असताना हे बिघडतात कसे?
— एक शिक्षक, किन्हवली परिसर, ता. शहापूर

उत्तर : सर, कुलूप माणसांसाठी असतं.

पहिलं म्हणजे यूपीएस. शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो आणि मग ती चार्ज घेत नाही. मेच्या सुट्टीत मेन स्विच पाडून जातो आपण, ते सुरक्षेला योग्यच. पण तो महिना-दीड महिना आणि पत्र्याखालची उष्णता मिळून अर्धमेल्या बॅटऱ्या पुरत्या मारतात. पुढच्या वर्षी सुट्टीत एकदा कोणीतरी जाऊन दिवसभर चार्जिंगला लावून यावं. आत्ता मात्र आधी पाचही डबे थेट भिंतीत लावून पहा. चारातले दोन तरी तिथेच उठतील असा माझा अंदाज.

दुसरं, बिऱ्हाडकरू. डब्याच्या मागे एखादी पट्टी निघून खाच उघडी राहिलेली असते, तिच्यातून उंदीर शिरतो. घरोघरी हे भात झोडून आल्यावर, दिवाळीनंतर होतं. शाळेत खिचडीच्या तांदळाची पोती शेजारच्या खोलीत असतील तर बारा महिने. तो वायरी कुरतडतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं मूत बोर्डाला जास्त मारतं. हिरवट-पांढरे डाग दिसले तर ती जागा गेली समजा. मुंग्यांना एसएमपीएसची ऊब आवडते. पाल आत शिरून दोन टोकांना एकदम चिकटली की पाल आणि एसएमपीएस दोघंही संपतात. हे नवीन नाही. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क 2 या खोलीभर यंत्राच्या एका रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या सहकाऱ्यांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने लावला आणि ती वही आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बिघाडाला ‘बग’ म्हणायची चाल त्याच्या आधीची, एडिसनच्याही पत्रांत ती आहे. पण त्या दिवशी शब्दाला पाय फुटले. आपल्याकडे कोणी अशी वही ठेवली असती तर पहिल्या पानावर पाल असती.

आता पैशांचं. चार बंद संगणक हे एका बंद संगणकापेक्षा सोपं काम आहे, कारण ताडून पाहायला सोबती आहेत. एक चालतो आहे ना? त्याला हात न लावता बाकीच्या चौघांची आपसांत अदलाबदल करा. एका वेळी एकच वस्तू, आणि प्रत्येक वेळी कागदावर नोंद : ‘दोनची रॅम तीनमध्ये, पडदा आला.’ दोन वस्तू एकदम बदलल्या की संगणक सुरू होतो पण आपण शहाणे होत नाही. रॅमच्या पट्टीतली खाच पिढीप्रमाणे वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर ती त्या बोर्डाची नाही, जोर लावू नका. ज्याचा एसएमपीएस जळका वास मारतो त्याच्यात चांगला भाग घालून बघू नका. बोर्डावरचे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर डोक्याला फुगलेले दिसले तर तो बोर्ड बाजूला. 2000 नंतरच्या काही वर्षांत तसे सदोष कपॅसिटर जगभर लाखोंनी बसवले गेले, आणि शाळांत येणाऱ्या देणगीच्या संगणकांत त्यातले काही अजून निघतात. पाचांतून तीन उभे राहिले तरी वर्ग चालतो.

एक काळजी मात्र घ्या. प्रत्येक डब्यावर क्रमांक रंगवलेला असतो आणि तो डेड स्टॉक रजिस्टरला चढलेला असतो. उद्या तपासणीत ‘तीन नंबरच्या पोटात रॅम नाही’ असं निघालं तर तुमचा चांगुलपणा अंगाशी येईल. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, कोणता भाग कुठून कुठे गेला ते लिहा, आणि जे खरोखर मेले त्यांचा निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा. संगणक दुरुस्तीपेक्षा याला जास्त वेळ लागेल, हे मी आधीच सांगून ठेवतो.

शेवटी विजेचं. तुमच्याच तालुक्यात पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी डिजिटल वर्ग उभा केला, त्याचं नाव राज्यभर झालं आणि इतर शाळांचे शिक्षक तो पाहायला येऊ लागले. लोक तिथला स्वस्तातला स्पर्शफळा पाहतात. मला त्यातली सौर पॅनेलं जास्त महत्त्वाची वाटतात. लाइटचा भरवसा नसलेल्या पाड्यावर आधी विजेची सोय आणि मग पडदा, हा क्रम त्यांनी लावला. आपण बहुतेक ठिकाणी पडदा आधी आणतो आणि त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण घालून कपाटाला कुलूप लावतो.

प्रश्न : माझा संगणक सुरू होतो, पण रोज सकाळी कीबोर्डवरचं एक बटण दाबायला सांगतो आणि तारीख पंधरा वर्षांपूर्वीची दाखवतो. तारीख बदलेपर्यंत एकही सरकारी पोर्टल उघडत नाही. पोर्टलला माझ्या घड्याळाशी काय देणंघेणं?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, खर्डी, ता. शहापूर

उत्तर : देणंघेणं आहे. सुरक्षित संकेतस्थळ आपल्या ब्राउझरला एक दाखला दाखवतं, त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. ब्राउझर तो दाखला तुझ्या घड्याळाशी ताडतो. तुझ्या घड्याळात तो दाखला अजून जन्मालाच आलेला नसतो, मग ब्राउझर दार लावून घेतो.

दोष घड्याळाचा नाही, त्याच्या बॅटरीचा. लाइट नसतानाही तारीख-वेळ पुढे सरकावी म्हणून मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते. ती संपली की रात्री स्विच पाडल्याबरोबर घड्याळ थांबतं आणि सकाळी बोर्ड कारखान्यात ठरलेल्या तारखेपासून सुरुवात करतो. एवढंच झालं तर ठीक. पण बायोसमधल्या बाकीच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची ही नोंद बदलली तर एखाद्या दिवशी विंडोज निळा पडदा दाखवून बसेल. तेव्हा कोणी डिस्क गेली म्हणून सांगेल. ऐकू नकोस, आधी ही बॅटरी बदल.

घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. सीआर 2032 म्हणून माग. 20 म्हणजे व्यास 20 मिलिमीटर, 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. 2025 दिली तर घेऊ नकोस, ती पातळ असते आणि खाचेत खुळखुळते. प्लग काढ, कडेची पितळी पट्टी नखाने मागे सरकव, जुनी आपोआप उडी मारते. नवी बसवताना अक्षरं लिहिलेली बाजू वर. मग एकदाच बायोसमध्ये जाऊन तारीख भर, आणि तिथे काय काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेव.